दोन महिन्यांत निम्मा

२१ जून २०१८, गुरुवार

अंबरनाथच्या कारखान्यात आज दुसरी खेप. बोर्डावर 'वैद्यकीय उपकरणे' असं भारदस्त लिहिलंय. आत पाऱ्याची बीपी यंत्रं बनतात आणि जुनी दुरुस्तीला येतात. माणसं एकोणीस. भरणीत पाच, दुरुस्तीत तीन, बाकीची जोडणी, पट्ट्यांची शिलाई आणि पॅकिंग. एका यंत्रात ८० ते १०० ग्रॅम पारा जातो. रोज तीसेक यंत्रं धरली तर तीन किलो झाला. ऐकायला खूप वाटतो, पण पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे तीन किलो म्हणजे जेमतेम दोन कप चहाएवढा. सगळा कारखाना या दोन कपांभोवती चाललाय.

आधीच्या डॉक्टरांच्या फायली चाळल्या. वजन, बीपी, साखर, छातीचा एक्स-रे, दरवर्षी न चुकता. पाऱ्याची तपासणी एकदाही नाही. शेठना विचारलं, तर म्हणाले, "एक्स-रे काढतो ना आम्ही." गंमत अशी की गिळलेला पारा एक्स-रेत खरोखर दिसतो, मण्यांची माळ तुटल्यासारखा. पण गिळलेल्याची मला काळजीच नाही.

भरणीवाले काका इथे २२ वर्षं आहेत. मला शिकवायच्या आविर्भावात त्यांनी तळहातावर थोडा पारा ओतून घेतला, गोल फिरवला आणि परत बशीत सोडला. "बघा मॅडम, लागला कुठे? आणि चुकून गिळला तरी सकाळी जसाच्या तसा बाहेर. बावीस वर्षं झाली, काय झालं मला?" काका म्हणतात ते खरं आहे, हीच पंचाईत. पोटातून पारा रक्तात जवळजवळ जातच नाही. श्वासातून गेलेल्या वाफेतला मात्र ऐंशी टक्के आत मुरतो. ती वाफ दिसत नाही, तिला वास नाही, ठसका लागत नाही. हातावरचा थेंब दाखवून काका बावीस वर्षं नव्या पोरांची भीती घालवत आले आहेत.

हे सांगताना त्यांच्या हातातली बशी किंचित वाजत होती. की मलाच तसं वाटलं?

२५ जून

आज सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत बसवून लघवीच्या तपासणीचं सांगितलं. रक्त का नाही, असं एकाने विचारलं. चांगला प्रश्न. रक्त कालपरवाचं सांगतं, शिवाय त्यात माशांतून आलेला पाराही मिसळतो. लघवी गेल्या दोन-चार महिन्यांचा हिशेब सांगते. वाफेतून गेलेला पारा मूत्रपिंडात साठतो आणि तिथून हळूहळू बाहेर पडतो. साधारण दोन महिन्यांत निम्मा, पुढच्या दोन महिन्यांत उरलेल्याचा निम्मा.

दुरुस्तीतला एक जण रत्नागिरीकडचा. "म्हणजे सुरमई-बांगडा खाऊ की नको?" खा म्हटलं. माशातला पारा वेगळ्या जातीचा. तो रक्तात नि केसांत सापडतो आणि बहुतेक शौचावाटे जातो, लघवीत त्याची फारशी भर पडत नाही. "मग गटारीपर्यंत काळजी नाही," असा निकाल त्यानेच दिला.

शेवटी पॅकिंगमधल्या मावशींनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "रिपोर्ट वाईट आला तर काढणार का कामावरनं?" नाही, मी म्हणाले. पण शेठ दारात उभे होते आणि ते काहीच बोलले नाहीत.

२८ जून, गुरुवार

नमुने घेतले. सकाळी आठच्या पाळीआधी, कारखान्याबाहेर, शेजारच्या पतपेढीच्या मोरीत (व्यवस्थापक भला माणूस). घरच्या कपड्यांत यायचं, साबणाने हात कोपरापर्यंत धुवायचे, मग बाटली. बाटल्या नायट्रिक आम्लात धुतलेल्या. नुसत्या बाटलीत ठेवला तर पारा भिंतीला चिकटतो, शिवाय जंतू त्याची वाफ करून उडवून लावतात, म्हणून बाटलीत आधीच आम्लाचे थेंब आणि न्यायला बर्फाची पेटी.

एवढा सोवळेपणा कशाला, असं सिस्टर पुटपुटल्या. त्यांना हिशेब करून दाखवला. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पाऱ्याचा मणी, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा, वजनाला सात मायक्रोग्रॅम भरतो. तो नखातून ५० मिलिलिटरच्या बाटलीत पडला की लिटरला १४० मायक्रोग्रॅम. माणूस धडधाकट आणि कागदावर विषबाधा.

तिघांच्या बाटल्या पाण्यासारख्या पांढऱ्या. विचारल्यावर कळलं, कुणीतरी सांगितलं होतं की पहाटे उठून दोन लिटर पाणी प्यायलं की रिपोर्ट 'चांगला' येतो. म्हणूनच क्रिएटिनिन बघतात. ते शरीर रोज बऱ्यापैकी ठरलेल्या मापाने टाकतं, तेव्हा दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे पारा किती, असं मोजलं की पाणी प्यायल्याने फरक पडत नाही. पण लिटरला ०.३ ग्रॅमच्याही खाली क्रिएटिनिन असेल तर तो नमुना धरायचाच नाही. तिघांना परत बोलावलं. रागावले नाही. नापास व्हायची भीती वाटली म्हणजे परीक्षा त्यांचीच आहे असं त्यांना वाटतंय, आणि ती समजूत मला काढता आलेली नाही.

६ जुलै

पाऊस. कल्याणपुढे लोकल रखडली. तरी लॅबमध्ये गेले, कारण मशीन चालू असताना बघायला मला आवडतं. नमुन्यात आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट घालून आधी तो पचवतात, जांभळ्याची छटा हळूहळू बदलते. मग स्टॅनस क्लोराइड घातलं की विरघळलेला पारा पुन्हा मूळ रूपात येतो आणि वाफ होऊन नळीतून पलीकडे जातो. पलीकडे पाऱ्याचाच दिवा, २५३.७ नॅनोमीटरचा. पाऱ्याची वाफ नेमका तोच प्रकाश गिळते. किती गिळला त्यावरून किती पारा. केमिस्ट म्हणाला, "मॅडम, चोर ओळखायला चोराचाच भाऊ बसवलाय."

११ जुलै, बुधवार

निकाल आले. आकडे दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे मायक्रोग्रॅममध्ये. पाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसात पाचाच्या आत असतो. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची कामगारांसाठीची मर्यादा पूर्वी ३५ होती, आता २०. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९८० मध्ये ५० सांगितली होती.

भरणीतले पाच: ११८, ८४, ७९, ६१, ५२. दुरुस्ती: ४४, ३८, आणि एक ६४०.

६४० वर विश्वास बसेना. तोच तो सुरमईवाला. फोन केला तर कबूल झाला, पतपेढीत रांग होती म्हणून घाईत कारखान्याच्या मोरीतच उरकलं होतं. पुन्हा घ्यायला लावला. (१८ जुलैची नोंद इथेच करून ठेवते: ४१.)

११८ काकांचा.

पॅकिंगमध्ये सगळे सात-आठच्या आत, एक सोडून. एक मुलगी, पंचविशीची, ४६. तिचं टेबल भरणीपासून सगळ्यांत लांब आहे. तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

१२ जुलै

काकांना बायकोसह बोलावलं होतं. हात पुढे करायला लावले, बोट नाकाला लावायला लावलं. नाकाजवळ येताना बोट थरथरतं, मांडीवर ठेवलं की शांत. हिरड्या सुजलेल्या, तोंडाला धातूची चव, पहाटे तीनला जाग. काकू म्हणाल्या, "पूर्वी चारचौघांत बोलायचे. आता कुणी आलं की आत जाऊन बसतात. आणि पारा इतका लगेच चढतो हल्ली, की पोरं समोर येईनात." त्यांना शब्दाची जाणीवही नव्हती. मी मान खाली घालून लिहीत राहिले. लाजणं, चिडणं, हात कापणं, हिरड्या. वैद्यकाच्या पुस्तकात पाऱ्याच्या प्रकरणाची सुरुवात याच चौघांनी होते. इटालियन डॉक्टर रामाझ्झिनीने १७०० सालच्या ग्रंथात सोन्याचा मुलामा चढवणाऱ्या आणि आरसे करणाऱ्या कारागिरांचं जे लिहून ठेवलंय, ते या अंबरनाथच्या खुर्चीत बसलं होतं.

काकांचा एकच प्रश्न होता, "म्हणजे चूक माझी झाली का मॅडम? मी कधी सांडत नाही."

१३ जुलै

शेठ. एक तास.

आधी, आकडा चूक असेल. मग, काकांना घरी बसवतो, तरुण पोरं घेतो. मग, दर सहा महिन्यांनी माणसं फिरवू, म्हणजे कुणाचाच आकडा वर जाणार नाही. हे तिसरं ऐकायला शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात ते दोन लिटर पाणी पिण्यासारखंच आहे. विष तेवढंच, वाटून घेणारे जास्त.

मी एवढंच सांगितलं की लघवी काकांची असली तरी ही परीक्षा तुमच्या खोलीची आहे. पाचही जणांचे आकडे ५० च्या वर, म्हणजे खोली नापास. त्यांना ते लागलं. मग हुकमी पत्ता काढला. "डॉक्टर, भारताने परवा जूनमध्ये त्या मिनामाता करारावर शिक्का मारला. २०२० नंतर पाऱ्याचं बीपी यंत्र बनवायचं नाही म्हणतात, फार तर मुदतवाढ मिळेल. जो धंदाच जाणार, त्याच्या खोलीवर दोन लाख घालू?"

वाचतात, हे खरं. पण दोन वर्षं म्हणजे बारा वेळा दोन महिने. तेवढ्यात एक माणूस कायमचा थरथरायला लागू शकतो.

मग कलम ८९. पारा कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. विषबाधेची शंका आली तरी डॉक्टरने मुख्य निरीक्षकांना कळवायलाच हवं, इथे म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. मी कालच कळवलंय, असं सांगितलं. त्यानंतर चहा आला नाही.

१७ जुलै

भरणीची खोली. दहा बाय बारा फूट. शेठच्या दृष्टीने ही कारखान्यातली सगळ्यांत चांगली खोली, कारण इथे एसी आहे. एसी आतलीच हवा फिरवतो. शिवाय टेबलावर एक छोटा पंखा, थेट बशीवरून काकांच्या तोंडाकडे वारा मारणारा.

दिवे घालवले आणि टॉर्च जमिनीला समांतर धरला. मग दिसलं. मोझेकच्या फरशीच्या प्रत्येक सांध्यात चकाकणारी दोऱ्यासारखी रेघ. कडप्प्याच्या टेबलाच्या जोडात, पायाच्या खोबणीत, केरसुणीच्या हिरांत. रोज संध्याकाळी झाडतात, आणि झाडणं म्हणजे एका थेंबाचे हजार थेंब करणं. थेंब बारीक झाला की पृष्ठभाग वाढतो, वाफ वाढते. बंद हवेत २० अंशांना पारा पूर्ण मुरला तर घनमीटरला १३ मिलिग्रॅमच्या वर जातो. कायद्याची मर्यादा ०.०५. दर दहा अंशांना वाफ दुपटीहून वाढते, आणि इथे मेमध्ये वीज गेली की काय होत असेल ते सांगायला नको.

आणलेल्या मीटरने श्वासाच्या उंचीवर ०.०९ दाखवलं. केरसुणी ठेवायच्या कोपऱ्यात ०.३.

काका मीटरकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी कधीच सांडला नाही असं नाही."

तुम्ही नाही सांडला काका, असं म्हणायचं होतं. पण सांडतोच. सगळ्यांचाच सांडतो. कारखाना सांडण्यासाठीच बांधायला हवा होता, म्हणजे जोड नसलेली फरशी, कडा असलेले ट्रे, वाफ ओढून बाहेर कोळशातून गाळणारा पंखा.

घरी येऊन आल्फ्रेड श्टोक आठवला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे उघड्या पाऱ्याबरोबर काम केलं. डोकेदुखी, चक्कर, आणि स्मरणशक्ती इतकी ढासळली की वैतागून गेला. कारण कळलं तेव्हा १९२६ मध्ये त्याने स्वतःच पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख लिहिला. एवढा मोठा रसायनशास्त्रज्ञ असून कळायला वर्षं गेली. काकांना कुणी विचारलं होतं?

२३ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाणा. फरशीवाला सांगून गेला, एपॉक्सीचं काम तीन दिवसांत होईल. शेठनी होकार दिला, तोंड वाकडं करून. निरीक्षकांचं पत्र आलंय.

२ ऑगस्ट

काकांना जोडणीच्या टेबलावर बसवलं, पगार तोच. यासाठी भांडावं लागलं. काकांना मात्र अपमान वाटतोय. "भरणी माझ्याशिवाय कुणाला येत नाही."

त्यांचा मुलगा आला होता. कुणी त्याला सांगितलंय की गोळी देऊन शरीरातला पारा ओढून काढतात आणि मग तपासणी करतात, तीन हजार रुपये. डोकंच फिरलं. ओढणाऱ्या औषधांची गरज असते ती गंभीर विषबाधेत, रुग्णालयात, देखरेखीखाली. आणि औषध देऊन मग लघवी मोजली तर कुणाचाही आकडा वर जातो. त्या आकड्याला मर्यादाच ठरलेली नाही. मोजायचं ते न ओढता. काकांना सध्या हवंय ते एकच, पाऱ्यापासून लांब राहणं आणि वेळ.

९ ऑगस्ट, गुरुवार

प्रश्नचिन्हाचा निकाल. पॅकिंगच्या मुलीचे पाय सुजलेत, डोळ्यांखाली सकाळी फुगवटा. लघवीत प्रथिनं भरपूर. सगळं विचारलं. दाढेत चांदी? नाही. वैद्यांचं रसौषध, मकरध्वज, काही? नाही. चेहऱ्याला काही लावतेस? गप्प. मग पर्समधून एक बिनलेबलची पांढरी डबी काढली. लोकलमध्ये बाईकडून घेतलेली, गोरं करणारी. दसऱ्यानंतर स्थळं बघायला सुरुवात करणार आहेत.

डबी लॅबला पाठवली. (२१ ऑगस्ट: दहा लाखांत चौदा हजार भाग पारा. प्रसाधनात एकापेक्षा जास्त नसावा, असं मिनामाता करार सांगतो.) क्रीम बंद, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कारखान्यात पाऱ्यापासून सगळ्यांत लांब बसणारी मुलगी रोज रात्री तो गालाला चोळत होती.

हे शेठना सांगावं लागलं, आणि चूक झाली. आता ते भरणीतल्या प्रत्येकाला विचारतायत, "तू कुठली क्रीम लावतोस?" पन्नाशीच्या काकांनाही.

१३ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

सुट्टी असूनही दुपारी दाराची बेल. काकांबरोबर एक म्हातारे गृहस्थ. काकांच्याही आधी भरणीत होते, १९९० पासून, २०१५ मध्ये 'हात चालेना' म्हणून घरी बसवलं. सगळे त्यांना आबा म्हणतात. मोदक दिला तर तो बशीतून तोंडापर्यंत नेताना दुसऱ्या हाताने मनगट धरलं. कप दिलाच नाही.

एका दवाखान्यात कंपवात सांगितला होता, गोळ्यांनी फरक पडला नाही. मांडीवर हात स्वस्थ असतो, वस्तू धरायला गेलं की कंप सुटतो. कंपवातात बहुधा उलट दिसतं. आबांना हवी होती ती लघवीची तपासणी. काकांच्या रिपोर्टची बातमी वस्तीत पोचलीय. "माझाही आकडा निघाला तर भरपाई मिळेल ना?"

नमुना घेतला. मनात उत्तर माहीत होतं.

१९ सप्टेंबर

आबा: ३.

तीन वर्षं म्हणजे अठरा वेळा दोन महिने. सुरुवातीला दोनशे असते तरी अठरा वेळा निम्मे केल्यावर काही उरत नाही. लघवी विसरते. मेंदूत गेलेला पारा वर्षानुवर्षे तिथेच राहतो, पण तो बाटलीत येत नाही. कागदावर 'सामान्य मर्यादेत' असं छापून आलं. आबांना तो कागद द्यावा लागला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. पहिल्या प्रयत्नात खिसा सापडला नाही.

रात्री कोडाईकनाल आठवत राहिलं. थर्मामीटरचा तो कारखाना अमेरिकेतून १९८३ मध्ये आणून उभा केला, २००१ मध्ये बंद पडला, आणि ५९१ माजी कामगारांशी समझोता व्हायला २०१६ उजाडलं. पंधरा वर्षं. इतक्या वर्षांनी कुणाची लघवी काय साक्ष देणार? ज्या दिवशी मोजायला हवं होतं त्या दिवशी मोजलं नाही, तर पुढे कितीही चांगलं मशीन आणा. अमेरिकेतल्याच व्हरमाँटमध्ये थर्मामीटर कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांच्या लघवीतही पारा सापडला होता, कारण तो कामाच्या कपड्यांतून घरी गेला. तिथे वेळेत मोजलं म्हणून कळलं.

आबांच्या बायकोने पंचवीस वर्षं त्यांचे कपडे घरच्या बादलीत धुतले. तिला मी बघितलेलंही नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार

दुसरे नमुने. आता रांग नीट, कुणी पाणी पिऊन आलं नाही. सुरमईवाला सगळ्यांत आधी हात धुऊन उभा.

५ ऑक्टोबर

काका ७१. भरणीतले बाकीचे ५८, ५१, ४३, ३६. खोली बदलली तर आकडे उतरतात, हे शेठना कागदावर दाखवलं. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि बराच वेळ काहीतरी केलं. "म्हणजे अजून दोन महिन्यांनी वीस?" नाही, एवढ्या लवकर नाही, थोडा पारा अजून हवेत आहेच. पण पहिल्यांदाच त्यांनी आकड्याचं पुढे काय होईल ते विचारलं.

पॅकिंगची मुलगी: १९. सूज कमी.

१८ ऑक्टोबर, दसरा

कारखान्यात यंत्रांची पूजा. झेंडू, नारळ. नव्या जोड नसलेल्या फरशीवर हळदीकुंकू सांडलं आणि काकांनी ते ओल्या फडक्याने टिपून घेतलं. केरसुणी कुठेच दिसली नाही. हिशेबनीस जुने आहेत, शेठच्या वडिलांपासूनचे. प्रसाद देताना हळूच म्हणाले, "आबांचं ऐकलं. तुम्ही कागद शोधताय ना? पगारपत्रकं आहेत माळ्यावर. मी काही फेकत नाही."

२६ ऑक्टोबर

माळा. धूळ, उंदरांच्या लेंड्या, शिंका. १९९६ पासूनची पगारपत्रकं, दर महिन्याची, प्रत्येक नावापुढे रेव्हेन्यू स्टँपवर सही.

१९९९ मध्ये आबांची सही एका ओढीत येते, शेवटी एक ऐटदार वळसा. २००४ मध्ये वळसा आखडलाय. २००८ च्या सुमारास अक्षराच्या कडांना दाते दिसू लागतात. २०११ ची सही स्टँपच्या चौकटीत मावत नाही, दोन-तीन ठिकाणी कागद फाटलाय. २०१३ मध्ये नुसतं आडनावाचं पहिलं अक्षर, करवतीसारखं. २०१४ च्या जुलैपासून अंगठा.

मधल्या पानांवर काकांच्याही सह्या होत्या. २०१६ पर्यंत त्या सरळ आहेत. पुढच्या पाहिल्या. मग पत्रक मिटलं.

हिशेबनिसांनी पानांचे फोटो काढू दिले. शेठना आधी विचारावं का, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "पगारपत्रकावर सही कामगाराची असते मॅडम. त्यालाच विचारा."

२९ नोव्हेंबर, गुरुवार

तिसरे नमुने. थंडी सुरू झालीय, सकाळी पतपेढीची मोरी गार. मॅनेजर म्हणाले, आता दर तीन महिन्यांनी कॅलेंडरवर लिहूनच ठेवतो.

६ डिसेंबर

काका ३९. झोप बरी. काकू म्हणाल्या, परवा पाहुणे आले तर बाहेर येऊन बसले. त्यांना भरणीत परत जायचंय. अजून नाही, वीसच्या खाली येऊ द्या, असं सांगितल्यावर पारा चढला. पण जुलैसारखा नाही.

भरणीत २६, २९, ३४, २४. शेठनी दरवाजावर आकड्यांचा तक्ता लावलाय, कामगारांची नावं घालून. तो काढायला लावला. कारखाने कायद्याप्रमाणे आरोग्याची नोंद कामगाराला बघता आली पाहिजे हे खरं, पण ज्याची त्याला. भिंतीवर खोलीचा आकडा लावा म्हटलं, हवेचा. श्वासाच्या उंचीवर आता ०.०२ आहे. तो लावला, आणि खूष होऊन लावला.

१२ डिसेंबर

आबांसाठी कलम ८९ ची माहिती आज पूर्ण केली. कलमाचे शब्द पुन्हा वाचले. कारखान्यात कामाला असलेला 'किंवा पूर्वी असलेला' माणूस. कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की आजार उशिरा बोलतो. सोबत तपासणीची टिपणं, हात थरथरण्याचं वर्णन, लघवीचा तो ३ चा रिपोर्ट (लपवायचा नाही, पण तीन वर्षांनंतरचा आहे हे ठळक लिहून), आणि सोळा वर्षांतल्या सह्या, ओळीने. भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही पारा आहे, त्याचा अर्ज वेगळा. तो त्यांच्या ओळखीचा वकील भरणार.

अर्जावर सही लागते. सिस्टरनी शाईची पेटी पुढे केली. आबा म्हणाले, "सही करू का? जमेल तशी."

पेन धरलं, डाव्या हाताने उजवं मनगट दाबलं. पाच-सहा मिनिटं लागली असतील. मध्ये एकदा थांबून पेन बदलून मागितलं, हे जाड आहे म्हणाले. शेवटी त्यांनी तो वळसा काढायचा प्रयत्न केला, १९९९ चा. तो चौकटीबाहेर गेला आणि माझ्या टेबलाच्या काचेवर उमटला.

काच पुसली नाही अजून. उद्या मार्चच्या बाटल्या आम्लात भिजत घालायच्यात, एकोणीस अधिक दोन. आबांच्या बायकोचं नाव यादीत नाही, पण त्यांना भेटायला जायचंय.